मालक दोघे, सही एकाचीच

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच गाठीभोवतीची आहेत. घर विकणारे पती-पत्नी आहेत, ते विभक्त होत आहेत आणि विक्रीबाबत त्यांचे एकमत नाही. म्हणून या वेळी अन्य विषयांची पत्रे बाजूला ठेवून या तिघांना उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न: पुण्यात कोथरूड भागातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत आम्हाला एक टू बीएचके सदनिका पसंत पडली. सदनिका पती आणि पत्नी यांच्या संयुक्त नावावर आहे. दोघे दीड वर्षापासून वेगळे राहतात आणि कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज प्रलंबित आहे. पत्नी आणि मुलगी त्याच घरात राहतात. आमची बोलणी पतीशी झाली, किंमत ९५ लाख रुपये ठरली आणि आम्ही ५ लाख रुपये विसार म्हणून त्यांच्या खात्यात जमा केले. विसार पावतीवर फक्त त्यांचीच सही आहे. घरावर दोघांच्या नावे घेतलेल्या कर्जाचे २२ लाख रुपये बाकी आहेत. आता पत्नी म्हणते की किंमत कमी लावली आहे आणि मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपेपर्यंत आपण घर सोडणार नाही. पतीचे म्हणणे असे की सगळे हप्ते त्यांनीच फेडले, पत्नीचे नाव केवळ कर्ज मिळावे म्हणून घातले होते. तेव्हा सध्या आम्ही त्यांचा हिस्सा घ्यावा, उरलेला निकालानंतर मिळेल. मध्यस्थ सांगतो की त्यांच्याकडून साठेखत नोंदवून घ्या, मग बाईंना यावेच लागेल. आमच्या भाड्याच्या घराचा करार तीन महिन्यांत संपतो आहे. आम्ही काय करावे?

उत्तर: आधी दोन गोष्टी करायच्या नाहीत, त्या सांगते. दोघांची सही झाल्याशिवाय यापुढे एक रुपयाही देऊ नका आणि एकट्या पतीकडून साठेखत नोंदवून घेऊ नका. मध्यस्थाचा सल्ला तुमच्या हिताचा नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीचा करार, म्हणजे आपले साठेखत, स्वतःहून मिळकतीत कोणताही हक्क निर्माण करत नाही. हक्क मिळतो तो नोंदणीकृत खरेदीखताने. शिवाय करार ज्याने केला त्यालाच तो बांधतो. पत्नीने सही केलेली नाही, त्यामुळे साठेखत नोंदले म्हणून तिला 'यावेच लागेल' असे काही नाही. पुण्यात सदनिकेचे साठेखत नोंदवताना सहसा मुद्रांक शुल्क पूर्ण भरले जाते आणि ते साधारण ७ टक्के आहे. म्हणजे ९५ लाखांवर ६ लाख ६५ हजार रुपये आणि वर नोंदणी फी ३० हजार. जो करार निम्म्या मालकीलाही नीट पोहोचत नाही, त्यावर एवढी रक्कम अडकवून बसण्यात कोणतेही शहाणपण नाही. उद्या तुम्ही विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ खाली करार पुरा करून मागण्याचा दावा लावू शकाल हे खरे, पण तो दावा निकाली निघेपर्यंत तुमची मुलेबाळे भाड्याच्या घरातच वाढतील.

आता पतीच्या प्रस्तावाकडे वळते. सहमालकाला आपला हिस्सा विकता येतो, हे त्यांचे म्हणणे कायद्याला धरून आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४४ तसे सांगते. परंतु तेच कलम पुढे असेही सांगते की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा कुटुंबाबाहेरच्या माणसाने विकत घेतला, तर त्या घराचा संयुक्त ताबा मागण्याचा हक्क त्याला मिळत नाही. त्याला वाटणीचा दावा लावावा लागतो. 'अविभक्त कुटुंब' या शब्दांचा अर्थ न्यायालयांनी केवळ हिंदू एकत्र कुटुंबापुरता मर्यादित ठेवलेला नाही. तुम्ही वाटणी मागितलीत, तर मालमत्तेच्या वाटपाविषयीच्या १८९३ च्या कायद्याचे कलम ४ पुढे येते, ज्यान्वये घरातील दुसरा हिस्सेदार न्यायालय ठरवील त्या किमतीला तुमचाच हिस्सा विकत घेऊ शकतो. तेव्हा निम्मा हिस्सा विकत घेऊन तुमच्या पदरात काय पडते, तर एक दावा आणि घरात राहणाऱ्या मायलेकींशी वैर. त्यातून दोन शयनगृहांच्या सदनिकेचे भिंत घालून दोन भाग होत नाहीत, आणि अशा अर्ध्या हिश्श्यावर बँकाही सहसा कर्ज देत नाहीत.

'हप्ते मीच फेडले' हे वाक्य अशा प्रकरणांत मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यावर थोडे थांबून लिहिणे भाग आहे. ते खोटे असेलच असे नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४५ असे सांगते की दोघांनी मिळून मोबदला देऊन मिळकत घेतली असेल, तर ज्याने जितका पैसा घातला त्या प्रमाणात त्याचा हिस्सा धरायचा. आणि कोणी किती घातला याचा पुरावा नसेल तर हिस्से समान मानायचे. पण हा पुरावा बँकेच्या उताऱ्यांवरून, पगाराच्या नोंदींवरून, कधी माहेरून आलेल्या रकमेवरून, कधी मोडलेल्या दागिन्यांवरून काढायचा असतो आणि तो तपासण्याचे काम न्यायालयाचे आहे. गोवा सोडले तर आपल्याकडे विवाहानंतरची मिळकत आपोआप निम्मी-निम्मी करणारा कायदा नाही, म्हणूनच हा वाद प्रत्येक घरात नव्याने लढला जातो. खरेदीदार म्हणून तुमच्यापुरती गोष्ट सोपी आहे. सूची क्रमांक दोनवर, म्हणजे नोंदणीकृत दस्ताच्या ज्या उताऱ्याला आपण इंडेक्स टू म्हणतो त्यावर, दोन नावे आहेत. तेव्हा खरेदीखतावर दोन सह्या लागतील. कोणाचा हिस्सा किती, यावर तुम्ही मत बनवू नका आणि कोणापाशी बोलूनही दाखवू नका.

यानंतर न्यायालयातील कागद पाहा. घटस्फोटाचा अर्ज प्रलंबित आहे एवढ्यावरून ही सदनिका वादात आहे असे ठरत नाही. त्या अर्जात किंवा उत्तरात घराबद्दल काही मागणी केली आहे का, मनाई हुकूम मागितला किंवा मिळाला आहे का, हे वाचून पाहिले पाहिजे. त्याचबरोबर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली वेगळा अर्ज आहे का, हेही विचारा. त्या कायद्याचे कलम १७ पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क देते आणि कलम १९ खाली दंडाधिकारी ते घर विकण्यास पतीला मनाई करू शकतात. वकिलांमार्फत दोन्ही बाजूंकडे प्रतींची मागणी करा. ज्यांना खरोखर विकायचे आहे ते प्रती देतात.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या प्रलंबित दाव्याविषयीच्या कलम ५२ ला महाराष्ट्रात एक दुरुस्ती लागू आहे. मिळकतीवर दावा चालू असल्याची सूचना नोंदणी कार्यालयात नोंदवली असेल, तरच त्या दाव्याचा निकाल नव्या खरेदीदाराला त्या कलमान्वये बांधतो. काही सल्लागार ही तरतूद दाखवून 'नोंद नाही, म्हणजे घ्या बिनधास्त' असे सांगतात. तसे करू नका. तुम्हाला वाद ठाऊक आहे, तुमच्या पत्रातच तो तपशीलवार लिहिलेला आहे. आपण काहीही न जाणता व्यवहार केला, असे तुम्हाला पुढे म्हणता येणार नाही.

इतके सगळे नकार दिल्यावर आता माझे खरे म्हणणे मांडते. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि मला असे दिसले की पत्नीने विक्रीला नकार दिलेलाच नाही. तिने दोन अटी सांगितल्या आहेत: किंमत योग्य असावी आणि मुलीची परीक्षा होऊ द्यावी. या दोन्ही अटींना उत्तर आहे. तुमच्या पत्रात तिच्याशी झालेल्या बोलण्याचा कोठेच उल्लेख नाही; जे काही तिचे म्हणून कळले ते पतीकडून किंवा मध्यस्थाकडून आलेले दिसते. घराची एक मालकीण घरातच राहते आहे आणि व्यवहाराची बोलणी तिला वगळून झाली, ही या प्रकरणातील मूळ चूक आहे, आणि ती अजून दुरुस्त करता येण्यासारखी आहे.

किमतीपासून सुरुवात करा. त्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतींत गेल्या वर्ष-दीड वर्षात झालेल्या विक्रीच्या नोंदी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. शासनमान्य मूल्यांककाचा अहवालही घ्या आणि त्याचे शुल्क तुम्हीच द्या. ९५ लाख हा आकडा योग्य निघाला, तर पत्नीला तो कागदावर दिसेल आणि पतीच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची वेळ तिच्यावर येणार नाही. आकडा कमी निघाला, तर तिची तक्रार रास्त होती हे मान्य करून किंमत वाढवायची की माघार घ्यायची, हे तुम्हाला ठरवावे लागेल. विभक्त होणाऱ्या जोडप्याची घाई पाहून स्वस्तात घर पदरात पाडून घेणे मला योग्य वाटत नाही, आणि ते तुमच्याही सोयीचे नाही. व्यवहाराची किंमत मुद्रांक शुल्कासाठीच्या शासकीय मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी असेल, तर तो फरक तुमचे उत्पन्न धरून त्यावर आयकर लागू शकतो.

परीक्षेची अट तर त्याहून सोपी आहे. दोघांच्या सहीचे साठेखत आता करावे आणि खरेदीखत व मोकळा ताबा एकाच दिवशी, एप्रिलमध्ये ठरवलेल्या तारखेला घ्यावा. तुमच्या भाड्याच्या घराचा करार तीन-चार महिन्यांनी वाढवून घ्या. घरमालकाला आजच विचारा. तीन-चार महिन्यांचे भाडे हे या व्यवहारातील सर्वांत स्वस्त खर्चापैकी एक ठरेल. खरेदीखत आधी आणि ताबा नंतर अशी व्यवस्था मात्र करू नका, कारण मालकी गेल्यावरही घरात राहणारी व्यक्ती आणि बाहेर थांबलेला मालक यांच्यात नवा वाद उभा राहायला एक चुकलेली तारीख पुरते.

राहिला तो सर्वांत अवघड भाग, पैशांची वाटणी. येथे एक भेद दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या लक्षात आणून द्यावा: घर विकायचे की नाही हा एक प्रश्न आहे आणि आलेल्या पैशात कोणाचा वाटा किती हा दुसरा. दुसरा सुटेपर्यंत पहिला अडवून ठेवला की कर्जाचे व्याज चालू राहते, घराची देखभाल थांबते आणि दोघेही हरतात. आकड्यांतच सांगते. ९५ लाखांतून कर्जाचे २२ लाख वजा केले की ७३ लाख उरतात. समजा, पती म्हणतात की पत्नीला चौथाई हिस्सा पुरे आणि पत्नी निम्मा मागते. म्हणजे पत्नीला किमान १८ लाख २५ हजार मिळणार याबद्दल पतीचा वाद नाही आणि पतीला किमान ३६ लाख ५० हजार मिळणार याबद्दल पत्नीचा वाद नाही. वाद उरतो तो फक्त १८ लाख २५ हजारांचा. बिनवादाच्या रकमा खरेदीखताच्या दिवशी ज्याच्या त्याच्या खात्यात द्याव्यात (पतीला आधी मिळालेले ५ लाख त्यांच्या रकमेतून वळते करून), आणि वादातील रक्कम न्यायालयाच्या परवानगीने न्यायालयात जमा करावी किंवा दोघांच्या संयुक्त सहीनेच काढता येईल अशा मुदत ठेवीत ठेवावी. मग ते दोघे त्या रकमेवर वर्षभर भांडले, तरी तुमच्या घराला त्याची झळ लागणार नाही.

ही व्यवस्था तोंडी राहता कामा नये. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ७ प्रमाणे पती-पत्नींमधील मिळकतीचे वाद त्याच न्यायालयात चालतात आणि कलम ९ प्रमाणे तडजोडीचा प्रयत्न करणे हे त्या न्यायालयाचे कर्तव्यच आहे. तेथील समुपदेशकांपुढे दोघांनी विक्रीची संमती, किंमत, ताब्याची तारीख आणि पैशांची वर सांगितलेली विभागणी लिहून न्यायालयात दाखल केली की ती संमतीपत्रे तुमच्या व्यवहाराचा सर्वांत भक्कम आधार होतात. दोघे परस्पर संमतीने घटस्फोट घेण्यास तयार असतील, तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३ ब खालील अर्जातच घराचा मुद्दा घालता येईल. त्या अर्जात सहा महिने थांबण्याची जी मुदत आहे, ती योग्य प्रकरणी माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलेले आहे. तुम्ही त्या खटल्यात पक्षकार नाही. न्यायालयात जाऊन बसू नका, कोणा एकाची बाजू घेऊ नका आणि पतीच्या सांगण्यावरून पत्नीला निरोप पोहोचवू नका. तुमच्याकडून फक्त एक गोष्ट जावी, ती म्हणजे तुमच्या वकिलांमार्फत दोन्ही बाजूंच्या वकिलांना एकाच मजकुराचे पत्र, ज्यात किंमत, ताब्याची तारीख, पैशांची व्यवस्था आणि या प्रस्तावाची मुदत, समजा ४५ दिवस, स्पष्ट लिहिलेली असेल. बाहेरून आलेला असा एक निश्चित कागद समोर असला की जे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, तेही त्या कागदाला 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकतात. तडजोड होण्यासाठी कधी कधी तेवढेच हवे असते.

तुमच्या ५ लाखांचे काय, हा तुमच्या मनातला पहिला प्रश्न असणार, याची मला कल्पना आहे. पैसे बँकेतून दिले आहेत, पावती आहे, हे चांगले झाले. पतीला वकिलांमार्फत नोटीस द्या की ठरावीक मुदतीत पत्नीची लेखी संमती आणावी, अन्यथा रक्कम परत करावी. पूर्ण घर विकण्याचे आश्वासन देऊन जो ते पाळू शकत नाही, त्याला विसार जप्त करण्याचा अधिकार नाही. खरेदीदाराने आगाऊ दिलेल्या रकमेचा विक्रेत्याच्या मिळकतीतील हिश्श्यावर बोजा राहतो, अशी तरतूद मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये आहे. म्हणून घर पुढे दुसऱ्या कोणाला विकले गेले तरी तुमचा हक्क अगदीच वाऱ्यावर जात नाही. पण ही नोटीस आणि वर सांगितलेले प्रस्तावाचे पत्र एकाच दिवशी, एकाच सुरात जावे. धमकी एकीकडे आणि विनंती दुसरीकडे, असे झाले तर दोन्ही वाया जातील.

बाकीची काळजी कोणत्याही खरेदीत घेतो तीच. मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध अहवाल, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, संस्थेची थकबाकी नसल्याचा दाखला आणि भाग दाखल्यावरील (शेअर सर्टिफिकेटवरील) नावे पाहून घ्या. कर्जाचे २२ लाख थेट कर्जखात्यात भरा, विक्रेत्यांच्या हाती देऊ नका. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणे रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केले आहे आणि उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे. हे कर्ज संयुक्त असल्याने कागद घेताना दोघांनी हजर राहावे, असे साठेखतातच लिहून घ्या.

प्रश्न: ठाण्यात एका दांपत्याचे संयुक्त नावावरील घर १ कोटी १० लाखांना घेण्याचे ठरत आहे. त्यांचा घटस्फोट अजून झालेला नाही. पत्नी काही वर्षांपासून परदेशात नोकरी करते. विकायला दोघे तयार आहेत, पण पैसे कोणाच्या खात्यात जावेत यावर एकमत नाही. पतीने दोन पर्याय सुचवले आहेत. एक, पत्नीने त्यांना कुलमुखत्यारपत्र द्यावे आणि त्यांनी दोघांच्या वतीने सही करावी. दोन, पत्नीने आधी त्यांच्या नावे हक्कसोडपत्र करावे आणि मग त्यांनी एकट्याने विकावे. आमच्या दृष्टीने कोणता पर्याय चांगला?

उत्तर: पहिला मला मुळीच पसंत नाही. कुलमुखत्यारपत्र देणारी व्यक्ती ते कधीही रद्द करू शकते आणि जिथे पैशांवरूनच अविश्वास आहे तिथे ते रद्द होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. कुलमुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. ते फक्त सही करण्याचे साधन आहे. पत्नीला प्रत्यक्ष येणे अशक्यच असेल, तर तिने पतीऐवजी आपल्या विश्वासातील व्यक्तीला, आई-वडील किंवा भाऊ-बहिणीला, केवळ या एका व्यवहारापुरते मुखत्यार नेमावे. ते परदेशातील भारतीय वकिलातीत किंवा तेथील नोटरी व अपॉस्टिल (परदेशात वापरण्यासाठी दस्त खरा असल्याचे तेथील शासनाचे प्रमाणन) पद्धतीने करावे, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे. खरेदीखताच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलून ते अजून कायम असल्याची खात्री करा आणि तिच्याकडून तसा ईमेलही घ्या.

दुसऱ्या पर्यायात खर्चाचा सापळा आहे. वडिलोपार्जित मिळकतीचे कुटुंबातील हक्कसोडपत्र नाममात्र मुद्रांकावर होते, म्हणून सगळ्याच हक्कसोडपत्रांना तो नियम लागू असल्याचा समज पसरलेला आहे. ही सदनिका दोघांनी विकत घेतलेली आहे, तेव्हा तिच्या हक्कसोडपत्रावर खरेदीखताप्रमाणेच शुल्क लागण्याची शक्यता धरून चाला. राहते घर पती-पत्नींनी एकमेकांना बक्षीस देताना शुल्कात मोठी सवलत आहे खरी, पण त्यासाठी दस्ताच्या दिवशी ते पती-पत्नी असले पाहिजेत आणि बक्षीसपत्रात मोबदला असता कामा नये. येथे तर पत्नीला पैसे हवेच आहेत. एकाच घरावर दोन दस्त आणि दोन शुल्के करण्यापेक्षा दोघांनी एकाच खरेदीखतावर विक्रेते म्हणून सही करणे तुमच्यासाठी अधिक सुरक्षित आहे. कोणाला किती आणि कोणत्या खात्यात, हे खाते क्रमांकांसह त्याच दस्तात लिहावे. जोवर ते आकडे दोघांनी लिहून दिलेले नाहीत, तोवर दुय्यम निबंधकांकडची तारीख घेऊ नका.

एका बाबीकडे मात्र विशेष लक्ष द्या, कारण तिची चूक थेट तुमच्या अंगावर येते. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या खरेदीत निवासी विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का आयकर उगमस्थानी (टीडीएस म्हणून) कापून भरावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण पत्नी आयकराच्या दृष्टीने अनिवासी असेल, तर तिच्या हिश्श्याला हा १ टक्क्याचा नियम लागू होत नाही. तेथे कपातीचा दर बराच मोठा आहे आणि ५० लाखांची मर्यादाही नाही. दर कमी करून हवा असल्यास तिने आयकर अधिकाऱ्याकडून कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र आणावे. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज साठेखताच्या आधीच करायला सांगा. कर कमी कापला गेल्यास वसुली कापणाऱ्याकडून, म्हणजे तुमच्याकडून होते, आणि तोपर्यंत विक्रेती परदेशात आणि तिचे पैसेही परदेशात गेलेले असतात.

प्रश्न: म्हापशाजवळ एक जुने घर विक्रीस आहे. विक्रीखत एकट्या पतीच्या नावावर आहे, पती-पत्नी वेगळे राहतात. पती म्हणतात की घर माझ्या नावावर असल्याने पत्नीचा संबंध नाही. मी मूळची सावंतवाडीची असल्यामुळे मला गोव्याचे नियम ठाऊक नाहीत. घर घ्यावे का?

उत्तर: पत्नीच्या सहीशिवाय घेऊ नका. सावंतवाडी आणि म्हापसा यांच्यात अंतर थोडे असले, तरी या बाबतीत कायदा पूर्ण वेगळा आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कौटुंबिक तरतुदींचा वारसा अजून चालू आहे, आणि विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर तेथील विवाहात पती-पत्नींची मिळकत सामाईक धरली जाते. कागदावर नाव एकाचे असले तरी निम्मा हक्क दुसऱ्याचा असतो. म्हणूनच तेथील विक्रीखतांत पती-पत्नी दोघे विक्रेते म्हणून लिहिलेले दिसतात. वेगळे राहू लागल्याने हा हक्क संपत नाही. त्या दोघांचा विवाह कोठे आणि कोणत्या पद्धतीने नोंदला गेला, विवाहपूर्व करार आहे का आणि विभक्त होण्याचा किंवा घटस्फोटाचा न्यायालयीन हुकूम झाला असल्यास सामाईक मिळकतीची वाटणी पूर्ण झाली आहे का, एवढी कागदपत्रे गोव्यात वकिली करणाऱ्या व्यक्तीकडूनच तपासून घ्या. सिंधुदुर्गातील ओळखीच्या वकिलावर हे काम सोपवू नका. वाटणी झालेली नसेल, तर विवाह नोंदणीचा दाखला आणि पत्नीची दुय्यम निबंधकांसमोरची सही या दोन्ही गोष्टी हाती येईपर्यंत विसारही देऊ नका.